मुलुंडात मांडलेली गावकऱ्यांची खोली

आमच्या घरात कोरं आणलेलं सामान म्हणजे गॅसची शेगडी, फ्रीज आणि गाद्या. बाकी सगळं कुणीतरी वापरून टाकलेलं. जेवायचं टेबल शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांवर, वर कडाप्पा. पलंग पाडलेल्या बंगल्याच्या सागवानी दरवाज्याचा. त्याची पितळी कडी पायथ्याशी तशीच ठेवली होती, ती माझ्या अंगठ्याला लागायची. आरसा बंद पडलेल्या सलूनचा. आमच्याकडे आलेला माणूस आधी स्वतःलाच छातीपर्यंत बघायचा आणि केस सारखे करायचा. दोन खुर्च्या पाडलेल्या थिएटरच्या, एकमेकींना जोडलेल्या, उठलं की बैठक खटकन वर जायची. मुलगी लहान असताना तिची बोटं त्यात सापडायची आणि ती चाळ डोक्यावर घ्यायची.

मिल गेली तेव्हा आमचे हे घाटकोपरला एका फर्निचरच्या दुकानात पॉलिशच्या कामाला लागले. आधी साच्यावर होते, कापड विणायचे. लाकडाची ओळख तिथेच झाली, उशिरा. पण हात चांगला होता. लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजवायचा, मलमलच्या बोळ्याने गोल गोल फिरवायचा, वाळू द्यायचा, परत फिरवायचा. घाई केली की डाग पडतो. माझा स्वभाव घाईचा, म्हणून मला ते बोळा हातात देत नसत.

रविवारी आम्ही भंगारवाल्यांकडे जायचो. लोक जुहूला जायचे, आम्ही लोखंडाच्या ढिगात. शोधायचं काम माझं, दुरुस्तीचं ह्यांचं. एखाद्या फळीच्या रंगाच्या पापुद्र्याखाली काय आहे ते बघायला हे कोपऱ्यात नखाने खरवडायचे, थुंकी लावायचे आणि वास घ्यायचे. मी लांब उभी राहून तोंड वाकडं करायची, म्हणजे भंगारवाल्याला वाटावं की बाईला नकोय. हे आम्ही ठरवून करायचो. तो भंगारवाला काही मूर्ख नव्हता. पुढे पुढे तो आधीच म्हणायचा, “चाची, मुंह बनाओ, फिर भाव बोलता हूं.”

शेजारणी म्हणायच्या, मेलेल्या माणसांचं सामान घरात आणू नये, भुतं येतात. मी म्हणायची, येऊ देत, निदान ती चहा मागत नाहीत. हे मात्र गंभीरपणे उत्तर द्यायचे. म्हणायचे, वस्तू घासून घासून तिच्यावरचा पहिला हात निघून जातो, मग ती आपली. पंधरा-पंधरा दिवस एक खुर्ची घासत बसणाऱ्या माणसाला असं वाटणारच. मला तेव्हा ते उगाच वाटायचं. बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा सगळं सामान टेम्पोत घालून आणलं आणि त्या वन रूम किचनमध्ये असं बसवलं की सुताराने मापानेच केलं असावं. ह्यांना त्याचा अभिमान होता. पाहुणा आला की चहाच्या आधी टेबलाची गोष्ट.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ली, ते सगळ्यांचंच होतं. मग एक दिवस सकाळी मी चहा घेऊन आले तर हे थिएटरच्या खुर्चीवर अगदी कडेला बसलेले, हात मांडीवर, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तसे. मला म्हणाले, “मालक कधी येतलो?”

आमचं गाव मालवणाकडचं, पण लग्नानंतर घरात आम्ही मुंबईचंच बोलायचो. मालवणी फक्त गावाला गेल्यावर किंवा भांडताना. मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हटलं, “मालक घोरत होता, आता उठलाय.”

हे हसले नाहीत. खोलीभर नजर फिरवली. आरसा, टेबल, बंब कापून केलेला दिवा. म्हणाले, “ह्या सगळा सामान कोणाचा? आमी हयसर बसलव, मालक येतलो नि भायर काढतलो.” कुणाचं तरी सामान, आणि आपण आगंतुक. ज्याने प्रत्येक फळी स्वतःच्या हाताने घासली तो माणूस त्या फळीला हात लावायला घाबरत होता. पाणी पिऊन झालं की पेला टेबलावर ठेवायचे नाहीत, खाली जमिनीवर ठेवायचे, डाग पडेल म्हणून.

त्यानंतर घराबाहेर पडायला लागले. मी आंघोळीला गेले की दार उघडून चालू. एकदा भांडुपपर्यंत गेले, भाजीवाल्याने ओळखलं आणि रिक्षात घालून आणून सोडलं. एकदा पावसाने भिजून टोलनाक्यापाशी सापडले, एका पायात चप्पल. कुठे चालला होतात, विचारलं की एकच उत्तर, “खोलयेर.” खोलीवर.

मुलगी बोरिवलीला असते. नोकरी आहे, दोन मुलं आहेत, सासू अंथरुणाला. ती आली आणि माझ्यासमोर बसून सरळ म्हणाली, “आई, एक संस्था आहे. अशाच माणसांसाठी. स्वच्छ आहे, मी बघून आले.”

“बघूनसुद्धा आलीस?”

“मग काय करू? उद्या गाडीखाली आले म्हणजे?”

“दाराला कुलूप लावीन.”

“तू बाजारात गेलीस आणि घरात आग लागली तर?” तिचं चूक नव्हतं. रडतही होती. मी म्हटलं, गणपती होऊ देत. ती म्हणाली, गणपतीपर्यंत, पुढे नाही. म्हणजे तेवढाच वेळ होता. ह्यांना हे घर आपलं वाटलं पाहिजे, नाहीतर ह्यांना न्यायचं.

मी ह्यांचं बोलणं नीट ऐकायला लागले. आयुष्यभर अर्धंच ऐकलं होतं, कारण माणूस बोलायचा फार. खोलयेर म्हणजे गावचं घर असेल असं मला वाटत होतं. पण गावच्या घराला खोली कोण म्हणेल? मग कळलं. माझी ट्रंक, म्हणायचे. माझी खुंटी. दुसरी पाळी सुटली असेल, म्हणायचे. ही परळची खोली, लग्नाच्या आधीची. आमच्या गावच्या मंडळाने घेतलेली. मिलमध्ये लागलेली गावची पोरं, बाप्ये, सगळे त्या एका खोलीत. प्रत्येकाची भिंतीपाशी एक पत्र्याची ट्रंक, वर नाव आणि गाव रंगाने लिहिलेलं. प्रत्येकाची एक खुंटी. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची, कारण पाळ्या वेगळ्या. सतरा वर्षांचा पोरगा गावाहून आला आणि मुंबईत त्याला पहिली स्वतःची अशी वस्तू मिळाली ती खुंटी. बाकी सगळं पुसलं गेलं तरी ती राहिली होती.

ह्यांची खरी ट्रंक ह्यांनीच कापून टाकली होती. खिडकीत कोरफड लावायला तिची कुंडी केली, ती गंजून गेली. वस्तूचं दुसरं काही करायची सवय.

मी एकटीच घाटकोपरला त्या भंगारवाल्याकडे गेले. एवढ्या वर्षांत एकटी पहिल्यांदा. भंगारवाला आता म्हातारा झालाय, गल्ल्यावर त्याचा मुलगा बसतो, तो कोपऱ्यात खुर्ची टाकून. मला बघून मागे बघायला लागला.

“अकेली? चाचा किधर?”

“घरी. ट्रंक पाहिजे. जुनी, मिलवाल्यांकडे असायची तशी.”

“ट्रंक का क्या बनाओगे अब? सोफा?”

“ट्रंकच बनवणार.”

तो मुलाला म्हणाला, मागच्या पत्र्याखालचं काढ. तिथे तीन ट्रंका होत्या. एकीवर नाव होतं कुणाचं तरी, खाली गावही आमच्याच बाजूचं. तो मनुष्य कोण, कुठे गेला, मला माहीत नाही. मी तोंड वाकडं करायला विसरले. पण त्या दिवशी तो भाव बोललाच नाही. उलट तिन्ही ट्रंकांबरोबर खुंट्यांची एक लाकडी पट्टी, पत्र्याच्या चौकटीचा हातभर आरसा आणि पाण्याचं पितळी पिंप त्यानेच शोधून दिलं. पिंपाला भोक होतं. मी ते डांबराने बुजवलं, हे बुजवायचे तसं.

ट्रंकेवरचं नाव मी पॉलिश पेपरने घासलं. चार दिवस लागले, मनगट सुजलं. मग पांढऱ्या रंगाने ह्यांचं नाव लिहिलं, खाली गावाचं. मी चौथी पास. अक्षर मोठं येतं आणि ओळ चढावर जाते. जन्मात ह्यांचं नाव तोंडाने घेतलं ते उखाण्यात, आणि लिहिलं ते ह्या पत्र्यावर.

मांडायचं तर आधी जागा पाहिजे. एका खोलीत दोन संसार मावत नाहीत. मुलीने फोनवर फोटो टाकले आणि अंधेरीहून एक मुलगी आली. हॉटेल काढत होती, चहा-कॉफीचं, त्याला असलंच जुनं सामान हवं होतं. आरशापुढे उभी राहून म्हणाली, “आजी, हे सगळं कुणी केलं? काय फिनिशिंग आहे!”

“त्यांनी,” मी म्हटलं. हे कोपऱ्यात उभे होते, शर्टाचं वरचं बटण लावून.

ती ह्यांच्याकडे वळली. “अंकल, झकास काम आहे हो.”

ह्यांनी तिला हात जोडले. म्हणाले, “तुमी इलास, बरा झाला. आमी कायच मोडूक नाय. बगून घेवा.” मालकीण आली आपलं सामान न्यायला, असं वाटलं ह्यांना. तिला कळलं नाही, ती हसली. मला कळलं, मी दुसरीकडे बघितलं. टेम्पोवाले टेबल उचलायला लागले तेव्हा ह्यांनी स्वतः एका बाजूने हात दिला आणि जिन्यात सांभाळून, सांभाळून, म्हणत खालपर्यंत गेले. वर आले तेव्हा मोकळे झालेले दिसले. चार महिन्यांत पहिल्यांदा पेला जमिनीवर आपटून ठेवला.

एवढं सामान गेलं आणि मला रडू आलं नाही. पलंगाची पितळी कडी मात्र मी टेम्पोवाल्याकडून पाना मागून काढून घेतली होती. ती आता ओट्याखाली कुठेतरी पडली असेल.

मुलीने ह्यांना एक दिवस बोरिवलीला नेलं. त्या दिवसात मी आणि खालचा वॉचमन, आम्ही खोली मांडली. भिंतीपाशी ट्रंका, ह्यांची मधली. वर खुंट्या. दोन खुंट्यांना भंगारातून आणलेले सदरे लावले, जागा भरलेली वाटावी म्हणून. दोरीवर वळकट्या. कोपऱ्यात तिवईवर पिंप, वर पितळी झाकण. चटई. देवाचा एक फोटो, त्याला हार. टीव्ही स्वयंपाकघरात नेला.

संध्याकाळी हे आले. दारात थांबले. चप्पल बाहेर काढली, भिंतीला लावून ठेवली. मग आत आले आणि ट्रंकेवरचं नाव बोटाने वाचलं. मला वाटलं अक्षर चढावर गेलंय ते ओळखतील. नाही. शर्ट काढला, तिसऱ्या खुंटीला लावला, चटईवर बसले, पाठ ट्रंकेला टेकली आणि पाय लांब केले. त्या घरात मी ह्यांना पाय लांब केलेले किती महिन्यांनी बघत होते. म्हणाले, “इलय बाबा एकदाचो.”

मुलगी स्वयंपाकघरात जाऊन ओढणीत तोंड खुपसून रडली. बाहेर येऊन म्हणाली, “आई, तू जिंकलीस.” मलाही तसंच वाटलं. ती गेली. मी आमटी-भात वाढला, वर तळलेला बांगडा, ताट घेऊन बाहेर आले आणि चटईवर ह्यांच्या बाजूला बसले, रोजच्यासारखी.

हे सरकले. नुसते सरकले नाहीत, उठून उभे राहिले. नजर खाली. हळू आवाजात, मला वाईट वाटू नये असं म्हणाले, “बाय, जेवाण थंय उंबऱ्यार ठेव. खोलयेत बायलमाणसांनी येवचा नाय. मंडळाचो नेम आसा.”

नेम खरा होता. गावच्या खोलीत बाई राहायची नाही, शिरायचीही नाही. इतके बाप्ये एकत्र, कुणाचं नाव कुणाशी जोडलं जाऊ नये म्हणून जुन्या माणसांनीच घातलेला नेम. खानावळवाली यायची ती दारापर्यंत. गावाहून कुणाची बायको आली तर तिला चाळीतल्या बिऱ्हाडवाल्यांकडे ठेवायचे. मी लग्न करून मुंबईत आले तेव्हा मी स्वतः त्या खोलीच्या बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले होते, आणि हे आत जाऊन आपली ट्रंक घेऊन आले होते. आतून कुणीतरी ओरडलं होतं, “गेलो रे गेलो, आमचो माणूस बायलेच्या ताब्यात गेलो!” आणि सगळे हसले होते. हे लाजले होते. हे सगळं मला पाठ होतं. तरी त्या तीन आठवड्यांत, ट्रंका घासताना, खुंट्या ठोकताना, एकदाही डोक्यात आलं नाही की ही खोली मांडली तर त्यात मी कुठे बसणार. मी ती माझ्या नवऱ्यासाठी मांडली. त्या खोलीत कुणी नवरा नव्हताच.

मी ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवले.

पळणं थांबलं. दार उघडं असलं तरी हे बाहेर जात नाहीत. जाणार कुठे, पोचलेत. झोप लागते, जेवतात, अंगावर मांस आलंय. सकाळी खुंटीवरचा शर्ट घालतात, पाळीवर जायची तयारी करतात, मग मी सांगते आज मिलला सुट्टी आहे, तर खूष होतात. गणपती झाले. मुलीने संस्थेचं नाव काढलं नाही.

तिनेच एकदा युक्ती काढली. “तुझी साडी लाव ना एका खुंटीला. रोज बघतील, आठवेल.” लावली. हिरवी, वापरातली. तासाभराने हे स्वयंपाकघराच्या दाराशी आले, आत न येता. हातात साडी, नीट घडी घातलेली, काठाला काठ जुळवून. “बाय, ह्या तुझा काय? कोण तरी इसरान गेला.” मी घेतली. घडी एवढी छान ह्यांनी संसारात कधी घातली नव्हती.

मुलगी म्हणाली, “मग काढून टाक हे सगळं. परत पूर्वीसारखं करू. त्या अंधेरीवालीला फोन करते.”

“करू नकोस.”

“आई, पन्नास वर्षं संसार केलास. किचनमध्ये झोपतेस तू, मोलकरणीसारखी.”

“खानावळवालीसारखी,” मी म्हटलं. “मोलकरीण वेगळी.”

ती चिडून गेली. दोन दिवस फोन नाही. तिला वाटतं मी हट्टी आहे. मी एकदा, एकदाच, ट्रंकेला हात घातला होता, उचलून बाहेर नेऊन टाकावी म्हणून. हे चटईवर दुपारचे झोपले होते. तोंड थोडं उघडं, एक हात डोक्याखाली. आधीच्या सामानात हे असे झोपत नव्हते. अंग चोरून झोपायचे, दुसऱ्याच्या पलंगावर झोपल्यासारखे. मी ट्रंक सोडली आणि आत जाऊन तांदूळ निवडले.

परवा दुपारी ताट ठेवलं. घावणे केले होते, चवथीच्या दिवसांपासून मागत होते. मी उंबऱ्याच्या अलीकडे पाटावर बसते, ते पलीकडे चटईवर. बोलतात आता माझ्याशी. घरच्या बाईशी बोलावं तसं नाही, ओळखीच्या बाईशी बोलावं तसं. घावणा मोडून नारळाच्या रसात बुडवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बाय, तू रोज जेवाण हाडतस. तुझो घोव खंय आसता?”

नवरा कुठे असतो. मी म्हटलं, “मिलमध्ये.”

“खंयच्या मिलीत?”

“तुमच्याच.”

“खात्यात कोणच्या?”

“साच्यावर.”

हे खायचे थांबले. डोळे बारीक करून आठवायला लागले, एकेक तोंड समोर आणत असावेत. मी पण पाटावर पुढे सरकले. का ते मला सांगता यायचं नाही.

“मगे माझ्या वळखीचो आसतलो,” म्हणाले. “आता ध्यानात येणा नाय. कसो आसा? पितो-बितो काय?”

“नाही. चांगला आहे.”

“मारता?”

“नाही हो. एकदाही नाही.”

“मगे बरा.” उरलेला घावणा खाल्ला, ताट उंबऱ्याकडे सरकवलं, हात धुतले. पुसता पुसता परत म्हणाले, “एकटोच रवता काय तो? तर हकडे धाडून दी. सांग तेका, एका माणसाची जागा आसा.”

मी म्हटलं, सांगते. आणि ताट उचलून घासायला नेलं.